चावी सोडताच इंजिन का बंद पडते: जुन्या फोर्ड पिकअपमधले ड्युरास्पार्क इग्निशनचे वायरिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७१ च्या फोर्ड एफ-१०० पिकअपमधले मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन काढून तुम्ही तिथे १९७८ च्या एफ-१०० मधले ३०२ घन इंचांचे व्ही-८ इंजिन बसवले आहे. इंजिनाबरोबर त्याचा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा), कॉइल आणि ड्युरास्पार्क-२ या फोर्डच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे मोड्यूल मिळाले, पण त्या गाडीचे वायरिंग मिळाले नाही. त्यामुळे पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या यांत्रिक संपर्कबिंदूंच्या काळातल्या वायरिंगला तुम्हीच इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडले. आता स्टार्टर फिरत असेपर्यंत इंजिन व्यवस्थित चालू होते आणि चावी ‘स्टार्ट’वरून ‘रन’वर आली की त्याच क्षणी बंद पडते. मोड्यूलचा प्लग काढून तपासले तर लाल वायरीवर मीटर १२ व्होल्ट दाखवतो, म्हणून मोड्यूल बिघडले असे समजून तुम्ही ते बदलले, आणि नव्या मोड्यूलनेही तेच होते.

पहिले मोड्यूल फेकून दिले नसेल तर जपून ठेवा, कारण ते बहुधा चांगलेच आहे. तुमच्या वर्णनातच दोषाची जागा आहे. स्टार्टर फिरताना इंजिन चालते, याचा अर्थ पिकअप कॉइल (डिस्ट्रिब्युटरमधली, मोड्यूलला इशारा देणारी), मोड्यूल, कॉइल, रोटर, कॅप आणि प्लगच्या वायरी ही सगळी साखळी काम करते आहे. चावी सोडल्यावर यांतले काहीच बदलत नाही. बदलतो तो फक्त वीज येण्याचा मार्ग. म्हणून शोध त्या मार्गाचाच घ्यायचा आहे.

हे उत्तर महाराष्ट्रातले वाचकही वाचतील म्हणून एक खुलासा करतो. आपल्याकडे ट्रक म्हटला की डिझेल इंजिन डोळ्यांपुढे येते आणि डिझेलला ठिणगी लागतच नाही. अमेरिकेत मात्र पिकअपलाही ट्रकच म्हणतात, आणि त्या काळातले बहुतेक पिकअप पेट्रोलवर चालणारे होते. ज्यांनी पद्मिनी किंवा अँबॅसडरचे पॉइंट घासून गॅप लावला आहे आणि डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली काम केले आहे, त्यांना पुढचे सगळे सहज कळेल, कारण मूळ तत्त्व एकच आहे.

तुमच्या गाडीचे वायरिंग पॉइंटसाठी केलेले आहे. पॉइंटच्या इग्निशनमध्ये कॉइलच्या प्रायमरी वेटोळ्यातून जाणारा सगळा प्रवाह त्या दोन छोट्या संपर्कबिंदूंमधून जातो. प्रवाह फार झाला तर पॉइंट जळतात, म्हणून फोर्डने इग्निशन स्विच आणि कॉइल यांच्यामध्ये एक विशेष वायर टाकली. दिसायला ती साध्या वायरीसारखी, बहुधा गुलाबी रंगाची असते, पण तिच्या धातूचा रोध साधारण १.३ ते १.४ ओहम असतो. ती डॅशबोर्डच्या मागे, लूममध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, इतर वायरींबरोबर गुंडाळलेली असल्यामुळे अनेकांना ती आहे हेच माहीत नसते. इंजिन चालू असताना ही वायर कॉइलपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचू देत नाही.

पण स्टार्टर फिरतो तेव्हा बॅटरीचे व्होल्टेज दहाच्या आसपास, थंडीत त्याहूनही खाली उतरते, आणि त्यातून आणखी रोध वजा झाला तर ठिणगी फारच दुबळी पडेल. म्हणून फोर्डने दुसरी वाट ठेवली. मडगार्डच्या आतल्या बाजूला जो स्टार्टर रिले असतो, त्याला दोन जाड बोल्टांखेरीज दोन बारीक टर्मिनल असतात. ‘एस’ या टर्मिनलवर चावीकडून स्टार्टचा इशारा येतो. ‘आय’ या टर्मिनलवर रिले ओढला गेलेला असेपर्यंतच बॅटरीचे व्होल्टेज येते, आणि तिथून निघालेली तपकिरी वायर रोधक वायरीला वळसा घालून थेट कॉइलच्या धन टोकाला मिळते. म्हणजे कॉइलच्या धन टोकाला दोन वाटांनी वीज येते: ‘रन’मध्ये गुलाबी वायरीतून कमी झालेली, आणि ‘स्टार्ट’मध्ये तपकिरी वायरीतून, बॅटरीत जेवढी असेल तेवढी.

आता ड्युरास्पार्क पाहू. पॉइंट झिजतात, त्यांचा गॅप बदलतो, त्याबरोबर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सरकते आणि सिलिंडर मिस करू लागतात. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांमध्ये धुरातले प्रदूषण कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास बसू लागले आणि मिसिंगमुळे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू लागले. त्यामुळे हजारो मैल हात न लावता चालणारे इग्निशन ही सर्वच कंपन्यांची गरज झाली. क्रायस्लरने १९७३ मध्ये, जनरल मोटर्सने १९७५ मध्ये आणि फोर्डने याच सुमारास पॉइंट सोडले. फोर्डच्या पद्धतीला ड्युरास्पार्क हे नाव १९७७ च्या मॉडेलपासून मिळाले. यात डिस्ट्रिब्युटरमध्ये दात असलेले चाक फिरते, त्याचा दात पिकअप कॉइलसमोरून गेला की एक बारीक विद्युतस्पंद तयार होतो आणि मोड्यूलमधला ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. पॉइंटचे काम ट्रान्झिस्टर करतो, एवढाच मूळ फरक आहे.

मोड्यूलमधून दोन जोड निघतात. चार वायरींच्या जोडातल्या नारिंगी, जांभळी आणि काळी या वायरी डिस्ट्रिब्युटरकडे जातात, आणि हिरवी कॉइलच्या ऋण टोकाला. दोन वायरींच्या जोडात लाल आणि पांढरी असते. लाल ही मोड्यूलची ‘रन’मधली वीज, आणि पांढरी ही स्टार्टर फिरत असतानाची. पुढचे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहितो, कारण तुमच्या गाडीचा सगळा घोटाळा त्यातच आहे: ड्युरास्पार्क-२ मध्ये रोधक लागतो, पण तो फक्त कॉइलच्या वाटेवर लागतो, मोड्यूलच्या लाल वायरीला रोधकाच्या आधीची, पूर्ण व्होल्टेजची वीज द्यावी लागते.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनात ‘लाल वायर कॉइलच्या जुन्या वायरीला जोडली’ असे म्हटले आहे. मग काय होते ते पाहा. ‘स्टार्ट’मध्ये तपकिरी वायर कॉइलच्या धन टोकाला बॅटरीचे व्होल्टेज देते, लाल वायर त्याच टोकाला असल्यामुळे मोड्यूललाही तेच मिळते आणि इंजिन चालू होते. चावी सोडली की तपकिरी वायर मृत होते. आता वीज फक्त गुलाबी वायरीतून येते, कॉइल तिच्यातून पाचएक अँपिअर ओढते, आणि कॉइलच्या टोकाला जेमतेम सहा व्होल्ट उरतात. मोड्यूलच्या वाट्यालाही तेवढेच येतात आणि ते काम थांबवते.

मीटरवर १२ व्होल्ट दिसले, त्याचे कारण तुम्ही प्लग काढून मोजले. मोड्यूल जोडलेले नसताना कॉइलचा प्रवाह जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. आणि प्रवाह नसेल तर रोधकावर व्होल्टेज पडत नाही, मग तो रोध १.४ ओहमचा असो की गंजलेल्या जोडामुळे आलेला १०० ओहमचा. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून तो दोन्ही वेळा १२ दाखवतो. जुन्या गाडीच्या वायरिंगमध्ये व्होल्टेज मोजायचे ते सर्व प्लग जोडलेले ठेवून, प्रवाह चालू असतानाच मोजायचे. हाताखालच्या मुलांना मी मीटर देण्याआधी हे शिकवतो, आणि तरीही अर्धी चुकीची निदाने याच एका गोष्टीमुळे होताना पाहतो.

म्हणून आधी पुन्हा मोजा. सगळे प्लग जागेवर लावा, चावी ‘रन’वर ठेवा, इंजिन बंदच असू द्या. मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण खांबावर आणि लाल तार कॉइलच्या धन टोकावर ठेवा. ड्युरास्पार्क-२ च्या कॉइलचा प्रायमरी रोध १.२ ओहमच्या आसपास आणि गुलाबी वायरीचा १.४ धरला, तर साडेबारा व्होल्टांपैकी सहाच्या आसपास तिथे दिसायला हवेत. मोड्यूलमध्ये जे थोडे व्होल्टेज पडते त्यामुळे आकडा जरा वर जाईल. शून्य आले तर गुलाबी वायर कुठेतरी तुटली आहे किंवा जळली आहे, आणि मग दोष तिथला. पूर्ण साडेबारा आले तर दोन शक्यता आहेत: एक तर मोड्यूल कॉइलमधून प्रवाह जाऊच देत नाही, किंवा आधीच्या एखाद्या मालकाने रोधक वायर काढून साधी टाकली आहे. कॉइलच्या ऋण टोकावर मोजले की दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. तिथेही साडेबारा असतील तर प्रवाह वाहत नाही. एक-दोन व्होल्ट असतील तर प्रवाह वाहतो आहे आणि वाटेत रोधक नाही. हे मोजमाप अर्ध्या मिनिटात उरका आणि चावी बंद करा. ड्युरास्पार्कमध्ये इंजिन थांबलेले असतानाही कॉइलमधून प्रवाह चालू राहू शकतो, आणि चावी तशीच ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापलेली असते.

दुरुस्तीसाठी लाल वायर कॉइलपासून सोडवा. डॅशबोर्डवरचा इग्निशन स्विच पुढे काढून त्याच्या मागचा जोड पाहा. गुलाबी वायर जिथून निघते तिथे, तिच्या आधी, ‘रन’मध्ये पूर्ण व्होल्टेज असलेले टोक मिळेल. त्या टोकाला नवी वायर जोडून ती फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) रबरी ग्रोमेट घालून इंजिनच्या बाजूला आणा आणि मोड्यूलच्या लाल वायरीला द्या. १६ गेजची, म्हणजे आपल्याकडच्या मापात साधारण दीड चौरस मिलिमीटरची वायर या कामाला पुरते. नुसत्या रंगावर विसंबू नका. पन्नास वर्षांत या गाडीला किती जणांनी हात लावला असेल हे सांगता येत नाही, शिवाय उन्हाने आणि तेलाने रंगही ओळखू येत नाहीत. चावीच्या प्रत्येक स्थितीत त्या टोकावर काय येते ते मोजून एका कागदावर लिहून काढा, आणि तो कागद गाडीतच ठेवा.

पांढरी वायर कुठे लावायची यावर बरेच गोंधळतात. ती स्टार्टर रिलेच्या ‘एस’ टर्मिनलला, म्हणजे चावीकडून स्टार्टचा इशारा घेऊन येणाऱ्या वायरीला जोडा. ‘आय’ टर्मिनलला जोडू नका. ‘आय’वरही स्टार्टच्या वेळीच वीज येते हे खरे, पण त्या टर्मिनलची तपकिरी वायर कॉइलच्या धन टोकाला कायमची जोडलेली असते. इंजिन चालू असताना कॉइलवरचे सहा-सात व्होल्ट तपकिरी वायरीतून उलटे ‘आय’पर्यंत येतात, तिथून पांढऱ्या वायरीत शिरतात, आणि स्टार्टर अजून फिरतोच आहे असा इशारा मोड्यूलला मिळत राहतो. काही मोड्यूल स्टार्टच्या वेळी ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा पाडतात; अशा मोड्यूलवर ही चूक झाली तर इंजिन चालते, पण ओढत नाही आणि तापते, आणि माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो.

कॉइलची वाट मात्र आहे तशी चालेल: ‘रन’मध्ये रोधकातून, ‘स्टार्ट’मध्ये तपकिरी वायरीतून. ड्युरास्पार्क-२ साठी फोर्डचा ठरलेला रोधक १.१ ओहमचा आहे आणि तुमची जुनी वायर १.३ ते १.४ ओहमची. हिशेब केला तर १४ व्होल्टांवर मूळ व्यवस्थेत कॉइलमधून जास्तीत जास्त सहा अँपिअर जाऊ शकतात आणि तुमच्या गाडीत सुमारे साडेपाच. इंजिन चालेल, तुम्हाला फरक जाणवणारही नाही. तरीही माझे मत विचाराल तर मी ती वायर ठेवणार नाही. ती कामच तापण्याचे करते, पन्नास वर्षे तिने शेजारच्या वायरींचे आवरण भाजले आहे, आणि आता तिच्यावर पूर्वीपेक्षा जास्त भार येणार आहे. तिची दोन्ही टोके सोडवून, टेप लावून ती मृत करा, स्विचपासून १४ गेजची साधी वायर फायरवॉलच्या बाहेर आणा आणि तिथे उघड्या पत्र्यावर, हवा लागेल अशा जागी, १.१ ते १.२ ओहमचा चिनी मातीचा रोधक बसवा. तपकिरी वायर रोधकाच्या कॉइलकडच्या टोकाला लागली पाहिजे. गुलाबी वायर ठेवायचीच असेल तर ती कापून आखूड करू नका, कारण लांबी कमी झाली की रोधही कमी होतो. आणि तिला झाळण्याच्या फंदात पडू नका, त्या मिश्रधातूवर झाळ नीट धरत नाही. तिचा जोड दाबून, म्हणजे क्रिंप करूनच घ्यायचा.

रोधक पूर्ण काढून टाकला तर ठिणगी आणखी जोरदार होईल, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नका. १.२ ओहमच्या कॉइलवर सरळ १४ व्होल्ट दिले तर स्थिर प्रवाह अकरा अँपिअरच्या पुढे जातो, आणि हे मोड्यूल स्वतः प्रवाहाला आळा घालत नाही. जनरल मोटर्सच्या एचईआय पद्धतीचे मोड्यूल प्रवाह स्वतःच मर्यादित करते, म्हणून तिथे रोधक नसतो. त्या पद्धतीचा अनुभव असलेले लोक चांगल्या हेतूनेच हा सल्ला देतात, पण तो फोर्डला लागू पडत नाही. त्याच कारणाने एक गोष्ट आधी पडताळून पाहा: मोड्यूलमधून वायरी जिथे बाहेर पडतात तिथल्या रबराचा रंग निळा आहे ना. ड्युरास्पार्क-२ चे सर्वसाधारण मोड्यूल निळ्या रबराचे असते. पिवळ्या रबराच्या मोड्यूलला आणखी एक, तिसरा जोड असतो आणि त्याची व्यवस्था वेगळी आहे. आणि डिस्ट्रिब्युटरच्या अंगालाच करड्या रंगाचे चपटे मोड्यूल चिकटलेले असेल तर ती फोर्डची पुढच्या काळातली टीएफआय पद्धत आहे. वर लिहिलेले त्याला लागू होत नाही.

आता अर्थिंगविषयी. इंजिन बदलल्यावर निघणाऱ्या तक्रारींपैकी माझ्या अनुभवात सर्वांत जास्त तक्रारी इथल्याच असतात. ड्युरास्पार्कच्या मोड्यूलचे अर्थ काळ्या वायरीतून डिस्ट्रिब्युटरच्या आत जाते आणि तिथे प्लेटला स्क्रूने धरलेले असते. म्हणजे मोड्यूलचे अर्थ डिस्ट्रिब्युटरच्या अंगातून इंजिनच्या ब्लॉकवर, आणि ब्लॉकवरून बॅटरीकडे. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेले असते, त्यामुळे ब्लॉक आणि बॉडी यांच्यात धातूचा संबंध आपोआप होत नाही. बॅटरीची ऋण केबल सरळ ब्लॉकवर बोल्टने लावा, आणि इंजिनच्या मागच्या बाजूकडून, सिलिंडर हेडपासून फायरवॉलपर्यंत, विणलेली पट्टी किंवा जाड वायर वेगळी लावा. दोन्हीकडचा रंग खरवडून धातू उघडा करा. नवीन रंगवलेल्या ब्लॉकवर रंगावरच बोल्ट आवळणे ही फार साधी आणि फार वेळा होणारी चूक आहे.

ही पट्टी एकदा मीच विसरलो होतो. गाडी चालू झाली, दिवेही लागले, पण बॉडी आणि इंजिन यांच्यात वीज जायला अॅक्सिलरेटरच्या केबलखेरीज दुसरी वाटच उरली नव्हती. केबल इतकी तापली की आतले प्लास्टिकचे अस्तर वितळले आणि थ्रॉटल अर्धवट उघडा अडकला. गाडी जागेवर उभी होती आणि चावी माझ्या हाताशी होती, म्हणून काही झाले नाही. तेव्हापासून कोणतेही इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी मी अर्थिंग मोजल्याशिवाय चावीला हात लावत नाही. मोजण्याची रीत सोपी आहे. कॉइलची मधली उच्च दाबाची वायर काढून तिचे टोक एका जोडवायरीने ब्लॉकला पक्के जोडा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर ठेवून स्टार्टर फिरवा. आकडा अर्ध्या व्होल्टाच्या खाली राहिला पाहिजे. त्याहून जास्त आला तर केबल, तिची टोके किंवा रंगाचा थर यांतला दोष शोधा. बॉडीवर आणि मोड्यूलच्या जोडावरही तसेच मोजा.

पिकअप कॉइलची तपासणीही आत्ताच करून घ्या. डिस्ट्रिब्युटरचा जोड काढून नारिंगी आणि जांभळ्या वायरींमध्ये रोध मोजला तर तो ४०० ते १,००० ओहमच्या दरम्यान असावा, आणि त्या दोघींपैकी कोणाचाही काळीशी संबंध असता कामा नये. मोजत असताना वायरी हलवून पाहा. व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे (भारानुसार ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे) आतली प्लेट वर्षानुवर्षे मागेपुढे फिरते, वायरी त्याच जागी वाकतात आणि आवरणाच्या आत तांबे तुटते. वरून वायर धडधाकट दिसते. गाडी गरम झाल्यावर किंवा चढावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होणे, यामागे अनेकदा हेच असते.

मोड्यूलपर्यंत जाणाऱ्या या तीन वायरी प्लगच्या वायरींपासून दूर ठेवा, नारिंगी आणि जांभळी एकमेकींना पिळून घ्या. आणि तुम्ही जर जोड कापून नवे टोक लावले असेल, तर या दोघी उलट्या लागल्या नाहीत ना ते नक्की पाहा. उलट्या लागल्या तरी इंजिन चालू होते, म्हणूनच ही चूक लपून राहते. पण ठिणगी स्पंदाच्या चुकीच्या कडेवर पडते, टायमिंग बरेच सरकते आणि वेग वाढवला की टायमिंग लाइटच्या उजेडात खूण जागेवर न राहता भटकताना दिसते. मोड्यूल बसवायची जागा इंजिनपासून लांब, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर निवडा. एक्झॉस्टच्या वर फायरवॉलवर जागा सोयीची वाटते, पण उष्णतेने मोड्यूलचे आयुष्य कमी होते.

आता उच्च दाबाची बाजू, कारण सहाच्या जागी आठ सिलिंडर आले आहेत. फोर्डच्या व्ही-८ मध्ये सिलिंडर १ ते ४ प्रवाशाच्या बाजूला आणि ५ ते ८ चालकाच्या बाजूला, पुढून मागे मोजतात. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, हे लक्षात असू द्या. तुमच्या ३०२ चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८ आहे आणि रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. मात्र १९८२ पासूनच्या हाय आउटपुट ३०२ मध्ये आणि ३५१ विंडसरमध्ये तो १-३-७-२-६-५-४-८ असतो. इंजिन आधी कोणी उघडून दुसरा कॅमशाफ्ट टाकला असेल, तर ब्लॉकवरचा आकडा ऑर्डर सांगणार नाही, कॅमशाफ्ट सांगेल. तुमचे इंजिन स्टार्टरवर सुरळीत फिरते त्याअर्थी ऑर्डर बरोबर असावा. तरी सात आणि आठच्या वायरी शेजारीशेजारी बांधू नका. हे दोन सिलिंडर शेजारचे आहेत आणि एकामागोमाग एक फायर होतात; वायरी समांतर गेल्या तर सातच्या वायरीतून आठच्या वायरीत दाब उमटतो आणि आठव्या सिलिंडरमध्ये वेळेच्या फार आधी ठिणगी पडू शकते. भाराखाली होणारा हा ठोका पिस्टन फोडू शकतो. दोघींमध्ये अंतर ठेवा, किंवा एकमेकींना काटकोनात ओलांडू द्या. वायरी ८ मिलिमीटरच्या सिलिकॉन आवरणाच्या घ्या, आणि प्लगचा गॅप पॉइंटच्या काळातला ०.०३५ इंच न ठेवता ०.०४४ इंच, म्हणजे सुमारे १.१ मिलिमीटर लावा.

जुन्या इग्निशन स्विचचे संपर्क झिजले असतील, आणि लाल वायर व कॉइल यांचा भार त्यावर टाकल्यावर बॅटरीपासून स्विचच्या पुढच्या टोकापर्यंत अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त पडत असेल, तर भार रिलेवर घ्या. स्विचचे ‘रन’चे टोक फक्त रिलेचे वेटोळे ओढेल, आणि बॅटरीपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून आलेली वायर रिलेच्या संपर्कातून मोड्यूलला आणि रोधकाला वीज देईल. इथे एक अडचण येऊ शकते: चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहते. चार्जिंगचा दिवा असलेल्या गाडीत अल्टरनेटरच्या रेग्युलेटरकडून त्या दिव्यातून थोडा प्रवाह उलटा स्विचकडे येतो. तो कॉइल चालवण्याइतका नसतो, पण एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला पुरतो. असे झाले तर दिव्याच्या वायरीत, रेग्युलेटरकडे जाणारा प्रवाह जाऊ देईल आणि परत येणारा अडवेल अशा दिशेने, एक अँपिअरचा साधा डायोड घाला.

हे सगळे झाल्यावर इंजिन चालू करा आणि वर सांगितलेली मोजमापे इंजिन चालू असताना पुन्हा घ्या. लाल वायरीवरचा आकडा बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टाहून जास्त खाली नसावा, आणि पांढऱ्या वायरीवर शून्य असावे. त्यानंतरच टायमिंगला हात लावा. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करा, इंजिन आयडलवर ठेवा आणि ज्या गाडीतून इंजिन आले तिच्या उत्सर्जनाच्या पट्टीवरचा आकडा घ्या. पट्टी मिळाली नाही तर वरच्या मृतबिंदूच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या स्थितीच्या) ६ अंश आधीपासून सुरुवात करा. पण त्याआधी खूण खरी आहे का ते पाहा. क्रँकच्या पुढच्या डँपरची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते आणि इतक्या वर्षांत ती सरकलेली असू शकते. बॅटरी सोडवून, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन थांबवणारा स्क्रू लावा, क्रँक हाताने दोन्ही दिशांना अडेपर्यंत फिरवा आणि दोन्ही वेळा डँपरवर पॉइंटरसमोर रेघ मारा. त्या दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे खरा वरचा मृतबिंदू. तो कारखान्याच्या शून्याशी जुळत नसेल तर डँपर बदलावा लागेल. तोवर तुमच्या मध्यावर पांढऱ्या रंगाची खूण करून टायमिंग तिच्यावरून लावा.